रोवण्यातला शक्तिदोरा

मंदिरासमोरच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. रोवणा, म्हणजे भातलावणी, संपून गावाला जरा उसंत मिळाली होती आणि सगळं गाव प्राणानंद महाराजांच्या पायाशी येऊन बसलं होतं.

महाराजांनी भैयाजींना हात आडवा धरायला लावला. भैयाजी म्हणजे धानाची पोती एकट्याने उचलणारा धिप्पाड माणूस. महाराजांनी दोन बोटं टेकवली आणि हात खाली गेला. मग मनगटाला लाल दोरा बांधला. आता महाराज जवळजवळ लोंबकळले, तरी हात हलेना.

"देखो भाई, ये प्राणशक्ति है. रोटी से नहीं, आकाश से आती है. धागा बांधो, थकान भूल जाओ."

बायांनी माना डोलावल्या. त्यांच्याकडे तर पुरावाच होता. रोवण्याच्या सुरुवातीलाच महाराज गावात आले होते. दिवसभर चिखलात वाकून कंबर मोडलेल्या बायांना त्यांनी दोरे बांधले आणि आठवडाभरात सगळ्यांची कंबर दुखायची थांबली.

मागे उभ्या असलेल्या अल्का मॅडमचं डोकं तापलं होतं. त्या शाळेत खेळ शिकवायच्या. धुरपताबाईंच्या मुलीला, रंजिताला, त्या वर्षभर पोलीस भरतीसाठी पळवत होत्या. पोरगी छान तयार झाली होती, भरती तोंडावर आली होती, आणि दोरा बांधल्यापासून ती मैदानावर फिरकली नव्हती.

"काऊन येत नाहीस गं?" मॅडमनी गर्दीतच तिला गाठलं.

"महाराज म्हणते, धावलं का शक्ती सांडते. भरतीपर्यंत साठवून ठेव म्हणते. उपास बी सांगितला."

"शक्ती म्हणजे कोठीतलं धान आहे काय, साठवायला?"

रंजिताने मनगटावरचा दोरा घट्ट केला. मॅडम तिच्या घरीही जाऊन आल्या होत्या. धुरपताबाईंनी प्रेमाने चहा पाजला आणि ऐकलं काहीच नाही. आता मात्र मॅडमना राहवेना. महाराजांची बोटं कुठे टेकतात हे त्या केव्हापासून बघत होत्या. त्या तडक पुढे गेल्या.

"भैयाजी, दोरा राहू द्या. हात आडवा करा."

मॅडमनी तळहाताच्या टोकाशी दाबलं. दोरा असूनही हात खाली गेला. मग त्यांनी दोरा सोडायला लावला आणि खांद्याजवळ सगळा भार टाकला. हात जागचा हलला नाही.

"श्रद्धा नहीं तो शक्ति कैसे टिकेगी?" महाराज गुरगुरले.

"मग दोरा सोडल्यावर कशी टिकली?" मॅडम वळल्या. "धुरपताबाई, बोरिंगच्या हातपंपावर पाणी भरताना दांडा कुठे धरता?"

"टोकाले. पंपाजवळ धरला तर लटकलं तरी हालत नाही." बोलून गेल्या आणि धुरपताबाई एकदम थबकल्या.

"महाराज दोऱ्याआधी टोकाशी दाबतात, दोऱ्यानंतर खांद्याजवळ. एवढीच यांची प्राणशक्ती."

"मंग आमची कंबर काऊन थांबली दुखाची?" दोरा बांधलेल्या बायांमधल्या मंदाबाईंनी विचारलं.

"मागच्या वर्षी दोरा नव्हता. तेव्हा नाही थांबली?"

मंदाबाईंनी आठवून पाहिलं. "थांबली. दरसाल थांबते."

"शरीर कामाला सरावतं, मंदाबाई. खाल्लेला भात आणि घेतलेला श्वास यांतून अंगात शक्ती तयार होते. रोज मेहनत केली की स्नायू बळकट होतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पाठवायला लागतं. मेहनत सोडली की कमावलेलं हळूहळू जातं. आकाशातून काही येत असेल तर ती हवा, आणि तिला दोरा लागत नाही."

महाराज दुपारच्या बसने निघून गेले. रंजिताने दोरा तोडला आणि दुसऱ्याच दिवशी धावायला आली. अर्ध्यातच तिला धाप लागली आणि ती थांबली. उपासाने अंगात काही उरलं नव्हतं आणि दिवसही उरले नव्हते. भरतीत ती थोडक्यात मागे राहिली, निवड हुकली.

यावर गाव काय म्हणालं? "दोरा तोडला न, म्हणून राहिली!" मॅडमना वाटलं, बोरिंगच्या दांड्यावर आपलंच डोकं आपटून घ्यावं.

पण बोरिंगवर मंदाबाई हेच बोलल्या तेव्हा रंजिताने हातातली पाण्याची गुंडी खाली ठेवली.

"दोरा तोडला म्हणून नाही राहिली, मावशी. दोऱ्याच्या भरवशावर धावणं सोडलं, म्हणून राहिली."

मंदाबाईंनी मनगट पदराखाली घेतलं. त्यांचा दोरा अजून तिथेच होता. "राहू दे व. बांधला तर काय नुकसान होते?"

"माहं झालं न. वर्ष गेलं माहं."

दुसऱ्या दिवशी उजाडताना रंजिता पोटभर खाऊन मैदानावर हजर होती, पुढच्या भरतीसाठी.

बांधून पाहायला काय जातं, असं म्हणणाऱ्यांनी रंजिताला एकदा विचारावं. शक्ती ताटात आहे, श्वासात आहे आणि रोजच्या मेहनतीत आहे. कोणी आणखी एखादी जागा दाखवली, तर त्याची बोटं कुठे दाबताहेत ते आधी बघा.