चौथा कप्पा

ऑफिसात त्याला सगळे कंजूष म्हणत. पैशांवरून नव्हे, चहा तर बहुतेक वेळा तोच पाजायचा. त्याची कंजुषी मेमरीची. कॅमेऱ्यांचे प्रोग्रॅम लिहिणं हे त्याचं काम, आणि एका चित्राची दोन चित्रं केलेली त्याला खपत नसत. कॅमेरा आपली चित्रं स्वतःच्या मेमरीतल्या मोजक्या कप्प्यांत उतरवतो. ती तिथून उचलून आपल्या प्रोग्रॅममध्ये आणायची म्हणजे फुकटची हमाली, असं त्याचं मत. त्यापेक्षा ते कप्पेच प्रोग्रॅमच्या पत्त्यांत जोडून घ्यावेत. शेजारणीच्या ओट्यासमोर खिडकी पाडली, की वाट्या इकडून तिकडे न्याव्या लागत नाहीत, नुसतं डोकवायचं. पथ्य एकच. बघून झालं की कप्पा परत द्यायचा, म्हणजे कॅमेरा त्यात पुढचं चित्र उतरवायला मोकळा.

आईच्या घरी बसवलेला कॅमेरा त्यानं असाच चालवला होता. आई दुसऱ्या गावी, एकटी. तिच्या टेबलावर तो प्रोग्रॅम चालवणारं डब्याएवढं यंत्र, आणि कॅमेऱ्याला चार कप्पे. रोज दुपारी चारला ती समोरच्या खुर्चीत येऊन बसायची, आणि हा कामाच्या पडद्यावर कोपऱ्यात तिला उघडून ठेवायचा. आवाज येत नसे, त्यासाठी फोन होता. तरी ती कॅमेऱ्याशी बोलायचीच. कधी छान हसली की तो ‘ठेव’ नावाचं बटण दाबायचा. अशी बारा चित्रं ठेवून झाली होती. पुढे कधीतरी सवडीनं बघू म्हणून त्यानं ती एकदाही उघडली नव्हती.

आई जाऊन तीन आठवडे झाल्यावर सवड मिळाली. पहिलं चित्र उघडलं, तर रिकामी खुर्ची. दुसऱ्यातही खुर्चीच. सातव्यात खुर्चीमागून ताई कपड्यांचा ढीग घेऊन चाललेली. ताई तर आजच घर आवरायला गेली होती.

मग त्याच्या लक्षात आलं. बटणानं चित्र ठेवलंच नव्हतं, फक्त कप्प्याचा पत्ता टिपून ठेवला होता. त्या पत्त्यावर कॅमेरा तेव्हापासून लाखो चित्रं उतरवत आला होता. बटण लिहिलं तेव्हा त्यानं तपासलं होतं की! ऑफिसातला कॅमेरा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला, ‘ठेव’ दाबलं, उघडलं, भिंत दिसली. भिंत थोडीच उठून जाते!

घरात आईचे फोटो होते, पण त्यांत ती फोटोसाठी उभी होती, पदर सावरून. त्याला ती आई हवी होती, जी आवाज जात नाही हे माहीत असूनही त्याच्याशी बोलायची. एक चित्र पुरलं असतं. शहाणपणा मिरवायच्या नादात त्यानं स्वतःच तिला पुसून टाकलं होतं.

दुसरं काही सुचेना म्हणून त्यानं तिकडच्या यंत्राची नोंदवही उघडली, कुठलं चित्र कुठल्या कप्प्यात उतरलं ते सांगणारी. पहिला कप्पा, दुसरा, तिसरा. पुन्हा पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याचं नावच नाही. तो वर वर सरकत गेला. आई गेली त्या आठवड्यातल्या मंगळवारी, चार वाजून बारा मिनिटांनी, चौथा कप्पा ‘ठेव’साठी बाहेर काढला होता, आणि पत्ता टिपला जायच्या आतच नेट तुटलं होतं. परत द्यायची ओळ चाललीच नव्हती. त्यानंतर कॅमेऱ्यानं त्या कप्प्याला हात लावला नव्हता.

त्यानं धडपडत फोन लावला.

“ताई, टेबलावरचं ते यंत्र बंद करू नकोस!”

“अरे, पिशवीतच घालत होते. वायरीला हात आहे माझा. पाचला किल्ल्या द्यायच्यात, घरमालक दारात येऊन बसलेत.”

“हात काढ. वीज गेली की सगळं जाईल. आई आहे त्यात.”

“बरा आहेस ना रे?”

“चित्र आहे गं तिचं! एकच उरलंय. दहा मिनिटं दे.”

“घे बाबा. त्यांना मी चहाला बसवते. पण पावडर संपलीय हं, लवकर आटप.”

प्रोग्रॅम थांबवून चालणार नव्हतं. तो थांबला की कप्पेही गेले. चालत्या प्रोग्रॅमलाच हळूच टाचणी लावावी तसं त्यानं चौथ्या कप्प्याचा पत्ता शोधला आणि आतलं सगळं आपल्याकडे उतरवून घेतलं. मग त्याची आणखी एक नक्कल केली. मग आणखी एक. ऑफिसात कुणी पाहिलं असतं तर चक्कर येऊन पडलं असतं.

मग उघडलं.

आई हसत नव्हती. ती खुर्चीत नव्हतीच. खुर्ची कलंडलेली, एक चप्पल टेबलाखाली राहून गेलेली. तिचा एक हात टेबलाच्या कडेवर, दुसरा पुढे ताणलेला, दुखरा गुडघा अर्धवट वाकलेला, तोंड उघडं. ‘आले, आले’ म्हणत असावी. त्याला तो मंगळवार आठवला. फोन कानाला लावून, दुसरीकडेच बघत, सवयीनं त्यानं ‘ठेव’ दाबलं होतं. दहाव्या घंटीला तिनं फोन उचलला, तेव्हा तो वैतागून म्हणाला होता, “किती वेळ लावतेस गं आई!” आणि ती दम खात म्हणाली होती, “अरे, बसले होते आरामात. कोण उठतंय लगेच!”

त्यालाही ते खरंच वाटलं होतं.

“मिळाली का रे?” ताईनं फोनवरून विचारलं. “कशी दिसतेय?”

त्यानं चित्र पडद्याभर मोठं केलं.

“धावतेय,” तो म्हणाला. “माझा फोन उचलायला धावतेय, ताई.”