काही केल्या न संपणारा गठ्ठा

डोळे मिटा बरं क्षणभर, आणि एक वर्ग डोळ्यांपुढे आणा. गणिताचे सर आत येतायत, काखेत तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा. तो त्यांनी गुणांप्रमाणे लावलाय. सगळ्यांत जास्त गुणांचा पेपर वर, सगळ्यांत कमी गुणांचा तळाला. नाव पुकारलं की उठायचं आणि आपला पेपर घेऊन यायचं. गठ्ठा पातळ होत जातो, तसा उरलेल्यांचा जीव खालीवर होतो. दिसलं ना?

या वर्गात वरचा पेपर ठरलेला असे, भिंगरीचा. पोरीचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून हे नाव. शेजारी बसायची तिची मैत्रीण जिराफ, वर्गात सगळ्यांत उंच. मागच्या दोन्ही परीक्षांत तळाचा पेपर जिराफचा निघाला होता. त्या सकाळी ती नळापाशी भडाभडा ओकली आणि तोंड धुताना म्हणाली, "आजही शेवटी उरले ना, तर उद्यापासून मी शाळेत यायची नाही."

जिराफ बोलली की करते, हे भिंगरीला पक्कं ठाऊक होतं.

सरांनी पहिलं नाव पुकारलं. भिंगरी टेबलापाशी गेली, पण तिने हात पुढे केला नाही.

"सर, माझा तळाला ठेवा. मी शेवटी घेईन."

"का गं? चावतोय का तो?"

वर्ग खदखदला. भिंगरीचे कान लाल झाले, तरी ती हलली नाही. "शेवटपर्यंत थांबताना कसं वाटतं, ते मला माहीतच नाही, सर."

सगळ्यांसमोर मिळणारा मान असा बाजूला सारायला छाती लागते, मुलांनो. सरांनी पेपर तळाला सरकवला. दुसरं नाव एका चष्मेवाल्याचं. त्यानेही तेच मागितलं. मग तिसरीने, चौथ्याने. गठ्ठा काही केल्या कमी होईना.

सरांना रागावता आलं असतं. त्यांनी मात्र मागच्या बाकांकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच नीट. जिराफ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. सर खुर्चीत टेकले आणि त्यांनी गठ्ठा भिंगरीपुढे ठेवला. "तूच वाट. तुला हवे तसे."

भिंगरीने सगळे पेपर पत्त्यांसारखे पिसले, गुण आत जातील अशी एकेकाची घडी घातली, आणि दाराजवळच्या बाकापासून ओळीने वाटत निघाली.