पाटाबाहेरचा चेंडू

मित्रांनो, मी क्रिकेटचा एक जुना सीझन बॉल आहे. रंग उडालाय, शिवण उसवलीय, आणि स्वभावाने मी जळका आहे. हे आधीच सांगितलेलं बरं.

मेरठच्या कारखान्यात मला शिवलं. नागपूरच्या एका दुकानातून नरेंद्रकाकांनी मला घेतलं आणि मेतकुटाच्या पुड्यांमध्ये कोंबून टेक्सासमधल्या शुगर लँडला आणलं. त्यांचा मुलगा सौमित्र तेव्हा लहान होता. अंगाची लाही करणाऱ्या उन्हाळ्यात काका मला उंच भिरकावत आणि तो खाली उभा राही. "अंगावर धावू नकोस. येऊ दे त्याला," काका सांगत. मी त्याच्या हातांना किती झोंबलो, तरी झोपताना मीच त्याच्या उशाशी असायचो. ते माझे राज्याचे दिवस होते.

मग शाळेतून तो आला. तपकिरी, दोन्हीकडून टोकदार, धड गोल नाही की धड लांब नाही. म्हणे अमेरिकन फुटबॉल! आणि खेळायचा बहुतेक हातांनीच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

सौमित्र पुढे याच खेळात व्यावसायिक खेळाडू झाला. आपल्या गड्याने लांब फेकलेला चेंडू झेलायचा, आणि समोरच्यांनी लाथेने आभाळात उडवलेला चेंडू झेलून त्यांच्याच अंगावर धावत सुटायचं, हे त्याचं काम. समोरून धिप्पाड गडी चाल करून येत असताना नजर वर ठेवायची. ही नजर त्याला कोणी दिली? मी. आणि काचेच्या कपाटात कोण बसला? तपकिरी. सौमित्रच्या विनीतामावशी आल्या की त्याच्यासोबत फोटो काढायच्या. मी गॅरेजमध्ये, फ्रीजरच्या मागे पडून होतो.

गेल्या वर्षी ऐन हंगामात सौमित्रच्या हातून उंच चेंडू लागोपाठ निसटले आणि संघाने त्याला काढून टाकलं. तो मान खाली घालून घरी आला. खरं सांगू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता तपकिरीचा तोरा उतरेल असं वाटलं.

कसचं काय! खंडेनवमीला सौमित्रच्या आईने, डॉक्टर वसुधाकाकूंनी, पूजेचा पाट मांडला. त्यावर स्वतःचा स्टेथोस्कोप, काकांचा लॅपटॉप, स्वयंपाकघरातली सुरी, आणि मधोमध घरातले होते नव्हते तेवढे फुटबॉल. हळदकुंकू काय, झेंडूची फुलं काय! दाराच्या फटीतून मी सगळं पाहत होतो. माझी कुणाला आठवणसुद्धा झाली नाही. पोटातल्या बुचाचा जळून कोळसा झाला.

दुपारी फोन आला. दुसऱ्या एका संघाने सौमित्रला दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणीसाठी बोलावलं होतं. ही संधी हुकली की खेळ कायमचा संपला. त्याने सरावासाठी पाटाकडे हात नेला.

"पूजेला बसलेलं शस्त्र आज उचलायचं नाही," काकू म्हणाल्या. "उद्या दसऱ्याला घे."

"आई, कम ऑन. उद्या सकाळी ट्रायआऊट आहे माझी."

काकू ढिम्म हलल्या नाहीत. काका गॅरेजमध्ये आले आणि त्यांनी फ्रीजरच्या मागे हात घातला.

पहिल्यांदा वर गेलो तेव्हा सौमित्र माझ्यावर झेपावला आणि मी त्याच्या बोटांना ठेचून खाली पडलो. काका एवढंच म्हणाले, "येऊ दे त्याला." मग तो थांबला. मी सरळ त्याच्या तळहातात येऊन विसावलो, आणि दिसेनासं होईपर्यंत पुन्हा पुन्हा विसावत राहिलो.

त्या संघाने त्याला घेतलं. आता टीव्हीवर तो तपकिरीला छातीशी धरून धावतो आणि मी अजूनही जळतो.

यंदा खंडेनवमीला काकूंनी मलाही पुसून पाटावर बसवलं. कुंकवाचं बोट कपाळाजवळ आलं, तोच व्हिडिओ कॉलवरून सौमित्र म्हणाला, "आई, त्याला नको बसवूस. सरावाला लागला तर?"

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया असेल तर त्यांना कामाला लावा. त्यांची नुसती पूजा करू नका.

काकूंनी मला उचललं आणि दारापाशी, हाताशी येईल असं ठेवलं. तपकिरी पाटावर बसला होता, फुलाबिलांसकट. दिवसभर त्याला कुणी हात लावला नाही.