दुसरं स्टूल

तरुण डॉक्टरने पायानेच स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर टेकता टेकता विचारलं, “ताई, तुम्हाला बोलता आलं नाही, तर तुमच्या वतीने कोण बोलेल?”

“चुकलास,” ताई म्हणाल्या. “आधी बसायचं. नीट बसलं की मग विचारायचं. तू गाडी सुटत असल्यासारखा विचारतोयस.”

डॉक्टर हसला. उठला, परत बसला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि तोच प्रश्न सावकाश विचारला. या वेळी काही खोट काढायला जागा नव्हती. ताईंनी चादरीची कड सरळ केली. ती आधीच सरळ होती.

“लिही कुणाचंही,” त्या म्हणाल्या.

“कुणाचंही चालत नाही. तुम्हीच शिकवलंय. नाव सांगायचं, आणि त्या माणसाला आपल्याला काय हवं ते तोंडाने सांगायचं. त्याने ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं.”

“फार पाठ झालंय रे तुला.”

“चुकलो की ओरडा खाल्लाय ना,” डॉक्टर म्हणाला. “उद्या सकाळी ऑपरेशन. मी संध्याकाळच्या राउंडला परत येतो. तोवर ठरवा.” जाताना त्याने स्टूल पलंगाखाली सरकवलं. तोही ताईंचाच नियम होता.

ताई या हॉस्पिटलच्या समाजसेविका. आयुष्यभर त्या या पलंगांच्या उभ्या बाजूला होत्या, आज पहिल्यांदाच आडव्या होत्या. हृदयाची एक झडप झिजली होती. ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या सरांच्या हाताला गुण होता, पण झडप जुनी आणि ताईही जुन्या. काही बरंवाईट झालं तर यंत्र किती वेळ चालू ठेवायचं, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. ते कुणीतरी कोण, एवढाच प्रश्न होता. हाच प्रश्न त्यांनी अख्ख्या हॉस्पिटलला विचारायला लावला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

अशा अवघड प्रश्नांवर सल्ला द्यायला हॉस्पिटलात नीतिसमिती निघाली, तेव्हा ताईंनाच तिचं काम दिलं होतं. समितीत अधीक्षक होते, एक वकील होते, एक निवृत्त मुख्याध्यापक होते. चहा व्हायचा, बिस्किटं व्हायची, मागच्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर व्हायचं. फक्त पेशंटचा प्रश्न घेऊन कुणी डॉक्टर यायचा नाही. नीतिसमितीकडे जायचं म्हणजे आपलं काहीतरी चुकलंय असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं, अशी डॉक्टरांची समजूत. मुख्याध्यापक बिचारे दर वेळी विचारायचे, “आज काही आलंय का?” आणि ताई म्हणायच्या, “चहा आलाय.”

एके दिवशी त्यांनी अधीक्षकांकडे प्रत्येक पलंगामागे एक स्टूल मागितलं.

“तुम्हाला नीतिसमिती चालवायला दिली,” अधीक्षक म्हणाले, “आणि तुम्ही फर्निचर मागताय?”

“उभा माणूस निम्मा निघालेला असतो, साहेब. त्याला कुणी मनातलं सांगत नाही.”

स्टुलं आली आणि ताईंचं नाव स्टूलताई पडलं. हॉस्पिटलात या शब्दाचा आणखी एक अर्थ असल्यामुळे लॅबवाले त्या नावाला जरा जास्तच हसायचे. ताई म्हणाल्या, हसू देत. खरा त्रास वेगळाच होता, स्टुलं पळायची. दिवे बदलणारा एक न्यायचा, कँटीनवाला एक न्यायचा, नर्सबाई त्यावर औषधांचा ट्रे ठेवायच्या. मग वॉर्डात झाडपूस करणाऱ्या मावशीने प्रत्येक स्टुलाच्या पायाला लाल चिंधी बांधली आणि लाल चिंधीचं स्टूल कुठेही दिसलं की त्यावर बसलेल्या माणसाला उठवून ती ते परत आणू लागली. एकदा तिने खुद्द अधीक्षकांना उठवलं. हळूहळू डॉक्टर बसायला लागले. बसले की विचारायला लागले, आणि विचारल्यावर अडले की ताईंना फोन करायला लागले. समितीच्या बैठकीत चहा गार व्हायला लागला, तेव्हा कुठे ताईंना बरं वाटलं.

स्टुलं कुठून सुचली, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

आई गेली ती याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. शेंगा सोलता सोलता एकदा म्हणाली होती, “मला नळ्या लावून ठेवू नका गं. जायची वेळ आली की जाऊ द्या.” ऐकायला ताई होत्या, दादा नव्हता. मग ती वेळ आली. डॉक्टरने व्हरांड्यात, उभ्या उभ्या दोघांना विचारलं. दादा म्हणाला, “चालू ठेवा.” ताई म्हणाल्या, “आईला नको होतं.” डॉक्टरने ताईंचं ऐकलं, कारण ताई हॉस्पिटलच्याच. दादा भिंतीला पाठ लावून उभा होता. त्या व्हरांड्यात बसायला काहीच नव्हतं. आई गेली तेव्हाही तो तसाच उभा होता. त्याचे पाय थरथरत होते, आणि ताईंना ते दिसत होतं. नंतर तो एवढंच म्हणाला, “तू तुझी नोकरी केलीस.” भांडण म्हणाल तर तेवढंच. पण त्यानंतर दादाचा फोन यायचा तो सुखदुःखाच्या बातमीपुरता, आणि ताई तर एकट्याच राहायच्या. घरी गेल्यावर आधी रेडिओ लावायचा आणि मग दिवा, अशी त्यांना सवय झाली होती.

दुपारी त्यांनी दादाला फोन लावला.

“दादा, माझं उद्या ऑपरेशन आहे. झडपेचं.”

“आत्ता सांगतेस?”

“म्हटलं तुला कशाला त्रास.”

“हो. त्रास नकोच देत तू कुणाला,” दादा म्हणाला. मग आवाज उतरला. “भीती वाटते का?”

“वाटते रे.” हे त्या दिवसभरात कुणाला बोलल्या नव्हत्या. “दादा, इथे एक नाव द्यावं लागतं. मला बोलता आलं नाही, तर माझ्या वतीने…”

“नको.” त्याने मधेच तोडलं. “मला नको विचारूस गं. मला विचारलं तर मी चालू ठेवा म्हणेन. तुला नको असलं तरी म्हणेन. माझ्याच्याने दुसरं काही म्हणवणार नाही. तेव्हाही म्हणवलं नाही आणि आताही नाही.”

“बरं.”

“रागावलीस?”

“नाही रे. येशील का पण?”

“बघतो. गुडघे धड नाहीत. गाडीत कुणी बसवून दिलं तर… बघतो.”

फोन ठेवल्यावर ताईंना रडू आलं. वॉर्डातल्या बायका बघतील म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. राग कसला यायचा? इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, दादाने त्यांना माफ केलेलं नाही. तो तर स्वतःलाच घाबरून लांब राहिला होता.

पाठीमागे बादली आपटली. मावशी फरशी पुसत होती, आणि पुसता पुसता तिचं नेहमीचं चाललं होतं. “कँटीनवाल्याने परत एक नेलंय. मेला सुधारायचा नाही. ताई, जेवलात का? ताटात सगळं तसंच आहे.”

“मावशी, इकडे या. बसा जरा.”

“कुठं बसू? पलंगावर बसले तर सिस्टर ओरडतील.”

“स्टुलावर बसा.”

मावशीने आधी स्टुलाकडे पाहिलं, मग ताईंकडे. या वॉर्डातल्या प्रत्येक स्टुलासाठी ती भांडली होती, पण स्वतः एकावरही कधी बसली नव्हती. पदराला हात पुसून ती अगदी कडेला टेकली.

ताईंनी तिला सगळं सांगितलं. मावशी घाबरली. “मला काय कळतंय त्यातलं? मोठमोठे डॉक्टर आहेत, त्यांना सांगा.”

“तुम्हाला काही कळायला नको. काही ठरवायचंही नाही. मी सांगते तेवढं बोलायचं. अधीक्षकांना उठवलंत, मग डॉक्टरांना एवढं सांगायला काय झालं?”

“ते वेगळं. ते स्टुलाचं होतं.” मावशीने बादली पायाने बाजूला सारली. मग मागे सरकून नीट बसली. “बरं, सांगा. काय हवंय तुम्हाला?”

हा प्रश्न शिकवून शिकवून ताईंची जीभ झिजली होती. पण त्यांना स्वतःला तो आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी पुन्हा चादरीची कड सरळ केली. मावशी थांबली. घाई केली नाही, बादलीकडेही पाहिलं नाही. मग ताई बोलायला लागल्या. थांबत थांबत, मधेच हसत, मधेच डोळे पुसत बोलल्या. बाहेर उन्हं उतरली.

संध्याकाळी डॉक्टर आला, दुसरं स्टूल घेऊन बसला, आणि म्हणाला, “मावशी, ताईंनी काय सांगितलं? तुमच्या शब्दांत सांगा.”

मावशी उभी राहायला गेली. ताईंनी तिचा हात धरून तिला बसवलं.

“बऱ्या होण्यासाठी जे करायचं ते सगळं करा,” मावशी म्हणाली. “पण नुसतं ठेवायचं म्हणून यंत्रावर ठेवायचं नाही. वेळ आलीच तर खिडकीपाशी न्यायचं, रेडिओ लावायचा. हळू आवाजात. एकटं ठेवायचं नाही.” तिने ताईंकडे एकदा पाहिलं. “आणि भावाला बोलवायचं. पण त्याला काहीएक विचारायचं नाही. चालू ठेवू का, बंद करू का, असलं काही नाही. त्याला फक्त बसायला द्यायचं.”

“एवढंच?” डॉक्टरने ताईंना विचारलं.

“एवढंच,” ताई म्हणाल्या.

सकाळी ट्रॉली आली. ताईंनी दाराकडे पाहिलं. दारात वॉर्डबॉय होता, सलाइनची उभी दांडी होती, आणखी कुणी नव्हतं. “चला,” त्या म्हणाल्या.

ट्रॉली वळताना त्यांना आपला पलंग दिसला. चादर काढून नेली होती. मावशीने पलंगाशेजारी दोन स्टुलं मांडली होती. एकावर ती स्वतः बसली होती, हात मांडीत घेऊन, सरळ.

“मावशी, तिकडे पेशंट आलाय, डॉक्टर उभे आहेत,” सिस्टर म्हणाल्या. “ते रिकामं स्टूल द्या.”

“माझं घ्या,” मावशी उठत म्हणाली. “ते राहू द्या. त्याच्यावर माणूस यायचाय.”