वहिनींच्या लॅपटॉपची घरघर

आमच्या घरात एखादी वस्तू मरायला टेकली की माझ्या वहीत तिच्या नावाचं पान उघडतं. मी पंपाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं स्टोअरकीपर होतो. वस्तू दुरुस्त करायची की भंगारात काढायची, हे ठरवण्यातच हयात गेली. त्यामुळे घरात हा अधिकार मला कोणी दिलेला नसला, तरी कोणी काढूनही घेतलेला नाही. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे 'दुरुस्ती', उजवीकडे 'नवा'. मग जो जे बोलेल ते त्या त्या रकान्यात, कोण बोललं त्यासकट. माणूस सल्ला फुकट देतो, पण तो लिहून घेतला जातोय हे दिसलं की पुढचा जरा जपून देतो.

या खेपेला पानावर होता वहिनींचा लॅपटॉप.

वय वर्षं नऊ. एक बिजागरी गेलेली, म्हणून झाकण मागे पिठाचा डबा लावून उभं करायचं. बॅटरी नुसती नावाला. वायरला कोणाचा पाय लागला की प्राण गेलाच. आणि पंखा. चालू केल्यापासून तो एकाच पट्टीत घरघरायचा. दर पंधरा-वीस सेकंदांनी 'खक्' करून ठसकायचा आणि पुन्हा तीच घरघर. पाव्हणे विचारायचे, आत कोणी आजारी आहे का.

त्यावर वहिनी गाणं शिकवायच्या. वेगवेगळ्या गावांतले सहा विद्यार्थी, आठवड्यातून तीन संध्याकाळी, गेली तीन वर्षं. पडद्यावर सहा चौकोन. आवाज साफ करणारी जी सोय असते ती वहिनींनी पहिल्याच आठवड्यात बंद केली होती, कारण कोणी सूर लांबवला की त्या सोयीला तो गोंगाट वाटायचा आणि ती तो पुसून टाकायची.

आता लॅपटॉप तापून चाळीस मिनिटांत डोळे मिटायला लागला होता, आणि वर्ग तासाचा. त्यात पुढच्या आठवड्यातल्या रविवारी एका मोठ्या संगीत विद्यालयाच्या परीक्षक बाई पडद्यावरून वर्ग ऐकणार होत्या. पसंत पडला तर वहिनींच्या वर्गाला त्या विद्यालयाची मान्यता. तीन वर्षं नातेवाईक "घरबसल्या काहीतरी करते" असं म्हणत आले होते. त्या 'काहीतरी'ला एकदाचं नाव मिळणार होतं.

"नवा घे," दादा म्हणाला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा. "दुरुस्ती म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

"कोंबडी अजून अंडी देते आहे," वहिनी म्हणाल्या.

"चाळीस मिनिटं देते. मग बसते."

"तुम्ही तर जेवण झालं की लगेच बसता. तुम्हाला बदललं का मी?"

मी दोन्ही बाजू लिहून घेतल्या. दादाचं मत मी जरा हलक्या हाताने लिहिलं, कारण दुरुस्ती या विषयात त्याचा लौकिक बरा नाही. निवृत्तीनंतर तो त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून जुनी घड्याळं उघडतो. बंद एकही केलेलं नाही. वर्ग चालू असतानाही तो तिथेच असतो, पण गप्प. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्याने एक गाणं म्हटलं होतं, तेव्हा वहिनींनी त्याला अगदी गोड शब्दांत सांगितलं होतं की तुम्ही ऐकत जा.

मी आणि वहिनी लॅपटॉप घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. हा गृहस्थ एक चष्मा डोळ्यांवर आणि एक कपाळावर ठेवतो, म्हणून आम्ही त्याला दोन चष्मे म्हणतो. त्याने कान लावून घरघर ऐकली.

"दुरुस्त होईल," तो म्हणाला. "पण माझ्या बहिणीचा असता तर मी सांगितलं असतं, नवा घे."

"आणि आमचा आहे म्हणून?" मी विचारलं.

"तुमचा दुरुस्त होईल."

असला प्रामाणिक दुकानदार मी कारखान्याच्या इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. त्याचं मत मी दोन्ही रकान्यांत लिहिलं.

शेवटी निकाल लॅपटॉपनेच दिला. गुरुवारी वर्गातले बेकरीवाले तान घेऊन वर चढले आणि ते वर असतानाच पडदा काळा झाला. सोमवारी नवा आला. सडपातळ, थंडगार आणि इतका मुका की चालू आहे का ते बघायला वाकावं लागायचं. दादाने जुना कपाटात ढकलला आणि दिवसभर विजयी चेहऱ्याने घरात फिरला.

मंगळवारी वर्ग भरला. वहिनींनी सूर दिला. पहिल्या ओळीला सहाही जण एका दारातून निघाले. दुसऱ्या ओळीला कोणी कोणाला ओळखेना. बेकरीवाले खाली गेले, दातांच्या डॉक्टरीणबाई वर गेल्या, बाकीचे चौघे मध्येच कुठेतरी पत्ता विचारत उभे राहिले.

"बाई, आज धरायला काही नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मला तर श्वास कुठे घ्यायचा तेच कळेना," बेकरीवाले म्हणाले.

वर्ग संपल्यावर वहिनींनी नव्या लॅपटॉपकडे असं पाहिलं, जसं सासू नव्या सुनेच्या पहिल्या स्वयंपाकाकडे पाहते. "याचा माईक बरोबर नाही."

"नाचता येईना..." दादाने सुरुवात केली आणि वहिनींकडे पाहून उरलेलं अंगण गिळलं. तीस वर्षांच्या संसारात तो एवढं नक्की शिकला आहे.

बुधवारी सकाळी मी जुन्यातले फोटो उतरवून घ्यायला बसलो. पिठाचा डबा लावला, बटण दाबलं. घर्र्र्र. आत ओट्याशी वहिनी बटाटे सोलत होत्या. त्या गुणगुणायला लागल्या. पंख्याच्याच पट्टीत, सुईत दोरा जावा तशा. पंखा ठसकला, त्यांनी श्वास घेतला. मी लॅपटॉप बंद केला. त्या थांबल्या. चालू केला. त्या सुरू झाल्या. असं मी चार वेळा केलं. शास्त्रीय पद्धतीने म्हणा, किंवा गंमत वाटली म्हणा.

पाचव्या वेळी त्या हातात बटाटा घेऊन दारात आल्या.

"काय चाललंय, भावजी?"

मी सांगितलं. त्यांनी आधी मला वेड्यात काढलं. मग स्वतः बटण दाबलं, ऐकलं आणि खुर्चीवर बसल्या.

"म्हणजे तीन वर्षं ही मंडळी माझ्याकडे नाही, पंख्याकडे शिकत होती."

"तसं नाही हो, वहिनी."

"तसंच आहे." त्या बटाट्याकडे बघत म्हणाल्या, "आणि मीही त्याच्याकडेच. सूर तर मी त्याच्यावरूनच देत होते."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दादाने एका घड्याळाचं चाक जमिनीवर पाडलं.

आधी फोनवरच्या तंबोऱ्याचा सूर लावून पाहिला. डॉक्टरीणबाईंनी तो दोन मिनिटं सोसला. "चांगला आहे बाई, पण दुसऱ्याच्या घरी संकोचून बसल्यासारखं वाटतं. शिवाय हा खोकत नाही." मग गुरुवारच्या वर्गाला जुना लॅपटॉप नव्याच्या शेजारी नुसता घरघरत ठेवला. सहाही जण असे गायले की मी वहीत काही लिहायचंच विसरलो. चाळीस मिनिटं. मग त्याने डोळे मिटले आणि वर्गाने मान टाकली.

रविवारची परीक्षा दीड तासाची होती.

शुक्रवारी आम्ही पुन्हा दोन चष्मेंपुढे.

"हा तासन्‌तास चालला पाहिजे," वहिनी म्हणाल्या.

"पडदा बदलू?"

"पडदा नको. कळा नकोत. त्यावर आम्ही काही करणार नाही. नुसता चालू राहू दे."

त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि डोळ्यांवरचा कपाळावर. "काही करणार नाही, पण तासन्‌तास?"

"आणि पंख्याला हात लावायचा नाही. साफ करायचा नाही. तेल घालायचं नाही."

"ताई, पंखा धुळीने भरलाय म्हणूनच हा तापतो. तापतो म्हणून बंद पडतो. तुम्ही रोग ठेवून रोगी बरा करायला सांगताय."

"पंखा आमच्या वर्गाचा आहे," मी समजावलं.

त्याने 'बरं' म्हटलं. वेड्यांशी बोलताना माणूस ज्या आवाजात म्हणतो, त्याच.

शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप घरी आला. बटण दाबलं. काही नाही. पडदा उजळला, पण आवाज नाही. मी कान लावला. आत फक्त मंद वारा, नदीकाठी असतो तसा. मी दुकानात फोन केला.

"बघा, कसा चालतोय," दोन चष्मे म्हणाला. "रात्रभर चालवून पाहिला. पंख्याचं काम तेवढं करून टाकलं. त्याचे पैसे लावलेले नाहीत बरं का, राहवलं नाही म्हणून केलं."

कारखान्यातही माझं सगळ्यात जास्त नुकसान असल्याच लोकांनी केलं. चोरांनी त्या मानाने काहीच नाही.

"मी विद्यालयाला कळवते," वहिनी म्हणाल्या. "म्हणावं, वर्गाची तयारी नाही. खोटं तर नाही ना ते." त्यांनी फोन उचलला आणि नंबर शोधायला लागल्या. मी वही मिटली. दादा आपल्या टोकाला एका घड्याळात डोकं घालून बसला होता.

घर्र्र्र.

वहिनींनी लॅपटॉपकडे पाहिलं. तो नदीकाठीच होता.

घर्र्र्र, खक्. घर्र्र्र.

आवाज घड्याळाच्या बाजूने येत होता.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "पुन्हा करा."

"काय?" दादाने मान वर केली.

"आत्ता केलंत ते."

"मी कशाला हात लावलेला नाही. हे चाक आधीपासून वाकडं आहे."

"चाक नाही. तोंडाने. घरघर."

दादाला पत्ताच नव्हता. तीन वर्षं पंख्यासमोर बसून काम करता करता तो पंखा त्याच्या अंगात मुरला होता. आता पंखा गप्प झाल्यावर शरीराने आपणहून जागा भरून काढली होती. वहिनींनी त्याला तीनदा म्हणायला लावलं. तीनही वेळा पट्टी तीच, ठसका तोच. घड्याळं उघडण्यापलीकडे त्याला काही येतं, हे घरात पहिल्यांदाच सिद्ध झालं. आणि तीस वर्षांत पहिल्यांदा बायकोने त्याला 'पुन्हा म्हणा' म्हटलं होतं. तो कानापर्यंत लाल झाला.

मी विद्यालयाच्या नियमांचा कागद वाचून काढला. सूर धरायला साथीला वाद्य चालेल, असं लिहिलं होतं. नवरा चालणार नाही, असं कुठेही नव्हतं.

रविवारी दादा टेबलाखाली, बुटक्या स्टुलावर, पिठाच्या डब्याला पाठ टेकून बसला. मी पाण्याचा पेला घेऊन शेजारी. एका वेळी एकच जण गाणार होता, त्यामुळे दोघांच्या मधल्या वेळात त्याला दम खाता यायचा. परीक्षक बाईंच्या चेहऱ्यावर असं काही होतं की बेकरीवाल्यांनी टोपी काढून ठेवली.

वहिनींनी टाचेने दादाच्या गुडघ्याला खूण केली. घर्र्र्र. पडद्यावर सहाही जणांचे खांदे एकदम सैल झाले. घराचा दिवा दिसला की होतात तसे. बेकरीवाले तानेत चढले, ठसक्यावर श्वास घेतला, नीट खाली उतरले. डॉक्टरीणबाईंनी तर परीक्षक बाईंना एकदा मान डोलवायला लावली. मध्ये पीठ नाकात जाऊन दादाला शिंक येऊ लागली. मी त्याचं नाक धरलं. त्यामुळे पट्टी क्षणभर चढली आणि गाणारी शाळकरी मुलगी तिच्याबरोबर चढली. परीक्षक बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. नंतर कळलं, त्यांनी 'धाडसी' असं लिहिलं होतं.

दीड तासाने त्यांनी चष्मा काढला.

"वर्ग चांगला आहे. सूर पक्का आहे सगळ्यांचा. मान्यतेची शिफारस मी करते." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण तुमच्या लॅपटॉपचा पंखा फारच जुना झालाय. सारखा घरघरतोय, मध्येच खोकतोय. दुरुस्त करून घ्या. नाहीतर सरळ नवा घ्या."

टेबलाखाली दादा श्वास रोखून माझ्याकडे बघत होता. त्याच्या भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या.

"दुरुस्तीच्या पलीकडे गेलाय, बाई," वहिनी म्हणाल्या. "आणि नव्याचा अनुभव आत्ताच घेतला. हाच ठेवते."

"खक्," दादा म्हणाला.

घरघर आधी कोणीतरी फोनवर रेकॉर्ड करून ठेवायला हवी होती, हे आम्हाला सोमवारी सुचलं. वहिनी म्हणाल्या, आता त्याची गरज नाही. विद्यार्थ्यांना स्वतःच्या पायावर उभं करायचं, म्हणून त्या दादाला दर आठवड्याला पाच मिनिटं कमी करणार आहेत. दादाला हे मान्य नाही. गळ्याला त्रास नको म्हणून तो कोमट पाणी पितो, वर्गाच्या अर्धा तास आधीच टेबलाखाली जाऊन बसतो, आणि परवा त्याने माझी वही मागितली. त्याला वरची पट्टी लागते की नाही, यावर आधी घरातल्या सगळ्यांची मतं लिहून हवी आहेत.