छाती ठणठणीत

बारावीनंतर मी एक वर्ष थांबायचं ठरवलं, तेव्हा आत्याने मला आजारी पाडलं.

मार्क चांगले होते. कुठल्या शाखेला जायचं ते मात्र कळत नव्हतं, आणि न कळता चार वर्षं घालवण्यापेक्षा कळून घेण्यात एक घालवावं, असा माझा साधा हिशेब होता. आईबाबांनी कुरकुरत तो मान्य केला. आत्याने नाही. थांबली म्हटलं की लोक नापासच धरतात, असं म्हणत तिने परस्पर सगळीकडे सांगून टाकलं की पोरीची छाती कमजोर निघाली, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. बाबांच्या कानावर ते आलं आणि ते गप्प बसले. पाहुणे आले की मी शाल पांघरून बसावं, अशीही सूचना होती. पण पाहुणे येत तेव्हा मी कामावर असे.

मागच्या गल्लीत प्रयोगशाळांसाठी फ्लास्क आणि कंडेन्सर बनवणारा एक छोटा कारखाना आहे. मालकांना सगळे काका म्हणतात. काचेची नळी ज्योतीवर फिरवत मऊ करायची आणि टोकाला जोडलेल्या रबरी नळीतून फुंकर घालून ती फुगवायची. घाई केली की भिंत एकीकडे पातळ होते. फिरवणं थांबलं की गोळा लोंबतो. काच कधी ऐकते आणि का ऐकते, हे मला जाणून घ्यायचं होतं. शाळेत असं कशाबद्दल वाटलं नव्हतं. बरेच दिवस नुसत्या नळ्या कापून झाल्यावर काकांनी मला फुंकायला बसवलं आणि 'फुंकणी' असं नावही ठेवलं.

मग आत्याच्या शेजारचे प्राध्यापक फ्लास्क न्यायला आले. मला पाहून थबकले.

"अगं, तू इथे? छातीचं बरं आहे ना आता?"

काकांनी माझ्या हातातली रबरी नळी काढून घेतली. एकच नळी मी, काका आणि तिथला एक कारागीर पुसून वापरायचो. लगेच त्यांनी मला खोक्यांत कागदाचे कपटे भरायला बसवलं. मला काहीही झालेलं नाही, असं परोपरीने सांगितलं. काका म्हणाले, घरचे कशाला खोटं बोलतील? याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते माझ्या तोंडून कुणी खरं मानणार नव्हतं.

घरी आत्या चहा पीत होती. मी दारातूनच सुरुवात केली. सगळं ऐकून ती म्हणाली, फुंकायचं बंद झालं तर बरंच की, आता तरी पुस्तकाला हात लागेल.

"तू आजारी पाडलंस," मी म्हणाले, "आता बरीही तूच कर."

बाबा म्हणाले, मी फोन करून सांगतो. मी म्हटलं, फोन नको, चला.

"बाबा, नापास सांगितलं असतं तरी चाललं असतं. नापासांना तिथे फुंकू देतात."

ते आले. काकांसमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "आता ती पूर्ण बरी आहे."

मला वाटलं, आता माझंच डोकं फुटेल.

"आता म्हणजे?" काकांनी विचारलं. "आधी काय होतं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही.

"काही नव्हतं," ते अखेर म्हणाले. "तिला विचार करायला वेळ हवा होता. आम्हाला ते सांगायची लाज वाटली."

"धडधाकट पोरीला आजारी पाडलंत," काका म्हणाले, "आणि मी तिला खोकी भरायला बसवलं."

त्यांनी खिळ्यावर टांगलेली रबरी नळी काढून मला दिली. मी काच तापवली, फिरवली आणि फुंकले. गोळा भसकन फुगून फुटला. कागदाहून पातळ पापुद्रे उडून बाबांच्या बाहीवर बसले.

"रागात फुंकू नकोस, फुंकणी," काका म्हणाले.

राग गेला नव्हता. मी दुसरी काचेची नळी घेतली. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला आणि ते बाही झटकत दाराबाहेर गेले. आत्याच होती.

"नाही गं," ते म्हणत होते, "छाती ठणठणीत आहे. हो, सगळ्यांना सांग."