खिळ्यावरचा एप्रन

घरी मला सगळे शिंकणबाई म्हणतात. सलग अकरा, हा माझा विक्रम! शिंका म्हणजे गंमत आणि दमा म्हणजे आजार, असा आमच्याकडचा समज. म्हणून छातीचा पंप मी इमानदारीत घ्यायचे, पण नाकाचा फवारा कपाटात पडून. नाकाचे कसले लाड करायचे?

मग आठशे मीटरच्या सरावात दुसऱ्याच फेरीला छाती शिट्टी वाजवू लागली. खेळाच्या बाई म्हणाल्या, "महिन्याने निवड आहे. दोन्ही फेऱ्या न थांबता केल्यास तर संघात. नाहीतर नाव खोडेन."

डॉक्टरीणबाईंनी मला झापलंच. "अगं, नाक आणि छाती एकाच घरातल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत धुरळा उडाला तर मागची स्वच्छ राहील का? पंप चालू ठेव, फवाराही रोज मार. आणि शिंका कधी येतात ते लिही."

लिहिलं. रोज सकाळी शिंकांचा पाऊस, फक्त रविवारी जवळजवळ कोरडं! शनिवारी काय होतं? आई बाबांचा एप्रन धुते, तो रात्रभर बाहेर वाळतो. बाबा आपल्या कारखान्यात जुने सोफे उसवून नव्याने भरतात, अगदी रविवारीसुद्धा, आणि संध्याकाळी घरी एप्रन टांगतात बरोब्बर माझ्या उशीच्या वर, खिळ्याला.

"बाबा, आरोपी सापडला. तुमचा एप्रन."

"त्या बिचाऱ्याने काय केलं? वीस वर्षं त्याच खिळ्यावर आहे."

"वीस वर्षांत किती सोफ्यांची पोटं फाडलीत? ती सगळी धूळ माझ्या नाकात!"

"म्हणजे आता तुला विचारून टांगायचा? नाकापेक्षा मोती जड झाला की हो!"

हसले, हो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सवयीने पुन्हा तिथेच टांगला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी त्यांचीच पक्कड घेतली आणि खिळा उपटला.

"अगं, भिंतीचा पोपडा गेला!" आई ओरडली.

संध्याकाळी बाबा एप्रन हातात धरून भिंतीकडे बघत राहिले. मी वाकडा खिळा पुढे केला. म्हटलं, आता बोलणी खाणार. त्यांनी तो हातोडीने सरळ केला आणि कारखान्याच्या दारामागे ठोकला.

निवडीच्या दिवशी दुसऱ्या फेरीत पाय भरून आले, तोंड कोरडं पडलं. छाती मात्र गप्प होती. मी पळत राहिले.

सहाजणींत पाचवी आले. पण थांबले नाही!

बाईंनी यादीतल्या माझ्या नावावर नजर टाकली आणि पेनाला टोपण लावलं.